ब्रेक ठीक होते

प्रिय दादा,

आई गेली त्या अपघाताबद्दल मी खोटं बोललो. ब्रेक लागलेच नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं. ब्रेक ठीक होते. गाडी चालवताना माझा डोळा लागला होता. आदल्याच दिवशी ते ब्रेक तू स्वतःच्या हातांनी बसवले होतेस, म्हणून तू दोष स्वतःवर घेतलास, गॅरेज कायमचं बंद केलंस. आणि मी नऊ वर्षं मूग गिळून बसलो. तेव्हापासून मला धड झोप नव्हती.

मागच्या महिन्यात एका चर्चमध्ये वायरिंगचं काम निघालं. दुपारी डबा खाऊन बाकावर टेकलो. समोर क्रूसावरचा येशू. काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "देवा, आईला मी मारलं." पोटभर रडलो आणि तिथंच झोपलो. जाग आली तेव्हा म्हातारे फादर शेजारी बसलेले. "काम राहिलं माझं," मी ओशाळून म्हणालो.

"राहू दे. किती दिवसांनी झोपलास रे?"

मग त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझं ओझं येशूनं घेतलं. पण भावाच्या पाठीवर जे ठेवलंस, ते तुलाच उतरवायचंय."

आता रोज प्रार्थना करतो. झोप लागते. तुला लागते का रे?

हे पत्र पाठवणार नाही. कागदाआड लपणं नको. उद्या सकाळच्या गाडीनं येतोय. तू तोंडावर दार लावलंस, तरी बाहेर उभा राहून सांगेन.

तुझा,
धाकटा