नकाशावरचा ठिपका

दि. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला रडू येतं, म्हणून पत्रच बरं. नवऱ्याचं घर सोडून आज बारा दिवस झाले. एका खोलीत राहते; खाली शिवणकामाचं दुकान आहे, दिवसभर मशीनची घरघर चालू असते. दाराचं कुलूप तुम्ही सांगितल्याप्रमाणे आल्या दिवशीच बदललं. खोलीचा पत्ता मात्र तुम्हालाही कळवत नाही, म्हणजे कोणी विचारलं तर तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. पत्र दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या आमच्या लॅबवरच टाका. नोकरी तीच आहे.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. काल सहाला लॅबमधून सुटले. गाडी जागेवर होती, कुलूपबंद. आत बसले तर पाय ब्रेकपर्यंत पोचेना. सीट पार मागे सरकवलेली होती, त्याच्या उंचीइतकी. काच फुटलेली नाही, दार उचकटलेलं नाही. तो कधी हात उगारत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तो नुसता हजर होतो. किल्लीवाल्याची मुलगी आणि तिच्या गाडीला साधं किल्लीचं भोक नाही, हसा तुम्ही. किल्लीऐवजी मिळालेली दोन्ही कार्डं माझ्या पर्समध्येच आहेत. मग तो आत आला कसा?

तब्येत सांभाळा आणि मला मनातून काढू नका.
तुमची,
खिट्टी

दि. ८ मार्च

चि. खिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तशी हातातली कानस खाली ठेवली. रडायला नंतर सवड काढ, आधी किल्ल्या मोज. आमच्या धंद्यात कुलपाला हात लावण्याआधी पहिला प्रश्न हाच, की किल्ल्या किती आणि कोणाकोणाकडे. तू कार्डं मोजलीस. पण जावईबापू नुसता फोन खिशात ठेवून गाडीजवळ जायचे आणि दार उघडायचं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. जी उघडते ती किल्ली, मग ती पितळेची असो की फोनमधली. शोरूमच्या मेकॅनिकला गाठ आणि यादी काढायला लाव.

माझ्याही फोनात त्यांनीच तुझी गाडी घालून दिली होती, आठवतं ना? दार उघडायचं मला काही जमलं नाही, पण नकाशावर तुझा ठिपका दिसतो. नऊ वाजता तो लॅबपाशी आला की माझा जीव भांड्यात पडतो. लहानपणी रुसून दाराआड अडून बसायचीस म्हणून तुला खिट्टी नाव पडलं. आताही तशीच अडून बस, मागे फिरू नकोस.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारा,
बाबा

दि. १३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमचंच बरोबर निघालं. मेकॅनिकबाईंनी यादी उघडून दाखवली. तीन फोन होते: माझा, त्याचा आणि तुमचा. गाडी घेतली तेव्हा त्याने हौसेने सगळं जोडून दिलं होतं, आणि मी खोलीचं कुलूप बदलून निर्धास्त झाले होते. त्याचा फोन काढला, पासवर्ड बदलला. आता चार आकडे दाबल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. इतके दिवस भीतीने ती खोलीपासून लांब, बाजारात लावत होते; आता खोलीखालीच लावते. बाई म्हणाल्या, सगळीच नावं काढून टाका. तुमचं राहू दिलं. आपण नीट पोचलो हे कोणीतरी बघतंय, एवढा आधार मला हवा आहे.

कितीतरी दिवसांनी काल पोटभर जेवले. आज मेणात दात बसवताना चक्क गुणगुणत होते. शेजारचा कारागीर म्हणाला, आजची कवळी न घालताच हसणार.

इकडे बरी आहे. लक्ष असू द्या.
खिट्टी

दि. २२ मार्च

बाबा,

मायना लिहीत बसले नाही, माफ करा. काल संध्याकाळी खोलीवर पोचून चहा टाकला आणि खिडकीतून पाहिलं, तर तो खाली दुकानासमोर उभा. काही बोलला नाही. हसला, हात हलवला आणि गेला. हा पत्ता मी एकाही माणसाला दिलेला नाही. यादी पुन्हा पाहिली. माझा आणि तुमचाच फोन आहे. मेकॅनिकबाईंनी गाडीखाली वाकून बघितलं, काही चिकटवलेलं नाही. आता गाडी लॅबपाशीच ठेवते आणि चालत जाते, दहा पावलांवर मागे वळून बघते. नोकरी सोडून लांब कुठेतरी निघून जावं असं वाटायला लागलंय. मला फार भीती वाटते.

खिट्टी

दि. २६ मार्च

चि. खिट्टीस,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो.

गाडी तपासत बसू नकोस. खोट गाडीत नाही, माझ्यात आहे.

वीस तारखेला संध्याकाळी जावईबापू दुकानात आले, आणि हा शब्द त्याच्यासाठी शेवटचा लिहितोय. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, ती बरी आहे की नाही एवढंच सांगा, झोप लागत नाही. पत्ता विचारायचा नाही, असं मी ठणकावलं. तो मला माहीतही नव्हता. पण समोर माणूस रडतोय हे बघवेना. म्हटलं ती सुखरूप आहे, हे बघा, आणि फोन पुढे केला. तुझा ठिपका कुठल्याशा गल्लीत थांबला होता. त्याने दोन बोटांनी नकाशा मोठा करून पाहिला, माझे हात हातात घेतले आणि गेला. मी तोंडाने काही सांगितलं नाही, म्हणून उलट खुशीत होतो. तुझं पत्र आलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाची किल्ली परक्याच्या हातात दिली नाही. जादा निघालेली किल्ली गिऱ्हाइकासमोर मोडली. ठिपक्याने काही उघडत नाही, म्हणून तो किल्ली नव्हे असं धरून चाललो आणि पोटच्या पोरीचं दार दाखवून बसलो. माझं नाव काढून टाक. माफी मागायचंही धाडस होत नाही.

बाबा

दि. ३० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तुमचा राग आला आहे, लपवत नाही. तुम्ही कबूल केलं नसतं तर मी भलत्याच गोष्टीला भिऊन पळत राहिले असते, हेही खरं. लॅबमधल्या दोघी सोबत आल्या आणि पोलिसांत तक्रार दिली. खोली बदलते आहे. नोकरी सोडत नाही, गाडीही सोडत नाही.

नवी खोली कुठे आहे ते सांगणार नाही. आज तुमच्यावर विश्वास बसत नाही. पुढे बसेल, तेव्हा मीच येऊन तुम्हाला तिथे घेऊन जाईन.

तुमचं नाव काढायला गाडीत जाऊन बसले. हा फोन नक्की काढायचा का, असं विचारणारी ओळ आली. स्टिअरिंगवर डोकं टेकून बराच वेळ रडले, आणि मग हो दाबलं. आता मी कुठे आहे ते मी लिहीन तेव्हाच तुम्हाला कळेल. दर आठवड्याला लिहीन.

रागावलेली, पण तुमचीच,
खिट्टी