मॅट्रिकच्या पट्टीतली माझी वीत

बाई, पट्टी सापडली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला गोष्ट सरळ सांगता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही वर्गात नदीचं नाव विचारायचात आणि मी नदीवर धुणं धुवायला गेलेल्या माझ्या आत्याची हकिगत सुरू करायची. "पोरी, आधी नाव सांग, मग आत्या," म्हणायचात. तर नाव सांगून झालं. आता आत्या.

मी कोण ते कदाचित आठवायचं नाही तुम्हाला. आठवीत खिडकीखाली बसायची, घरी तेलुगू बोलणारी, विणकराची थोरली पोरगी. दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही ती. आता माझी नात त्याच शाळेत दहावीला आहे. तिनं मागं एकदा विचारलं, "अव्वा, तुमच्या वेळी शाळा कशी होती गं?" मी म्हटलं, शाळा कुठली, कापसाचं गोडाऊन होतं ते. गासड्या हलवल्या, भिंतीला काळा रंग फासला आणि झालं हायस्कूल. वरच्या पत्र्यातून अजून कापूस गळायचा. तो केसांत अडकला की शेजारची पोरगी म्हणायची, "बुड्ढी हो गई तू तो." ती मुसलमानाची, घरात दखनी बोलायची, मी तेलुगू, आणि एकमेकींशी भांडायला दोघींना मराठीच लागायची. मधल्या सुट्टीत लिंबाखाली तिच्या डब्यातली खिचडी मी खायची, माझी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ती. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा दोरीला टांगलेला. नातीच्या शाळेत आता भिंतीवर पडदा आहे, त्यावर पृथ्वी फिरती. ती हसली आणि म्हणाली, "आणि बेंच?" बेंच नव्हते, बाई. आम्ही पट्टीवर बसायचो.

त्या पट्टीचं तिला नीट सांगावं लागलं. दर साली मॅट्रिकची पोरं-पोरी विणकामाच्या तासाला एक लांबलचक बसकरपट्टी विणायची. प्रत्येकानं आपली वीतभर विणायची, रंग हवा तो घ्यायचा. एकाची वीत झाली की तुम्ही स्वतः मागावर बसून पांढऱ्या सुताची एक रेघ टाकायचात, मग दुसऱ्यानं सुरू करायचं. मॅट्रिकची पोरं शाळा सोडून गेली की जूनमध्ये आठवीची नवी पोरं त्या पट्टीवर बसायची. मी पहिल्या दिवशी बसले ती वीत हिरवी होती. कुणाची होती देव जाणे, पण दिवाळीपर्यंत मला रोज वाटायचं की कुणीतरी मोठ्या ताईनं मला मांडीवर घेतलंय.

दिवाळीच्या आधी अम्माला बाळ झालं. अम्मा विड्या वळायची. बाळ सांभाळून तिच्यानं काम उरकेना, आणि कारखान्याचं काम चुकलं तर हातचं जातं. वडील, आमचे नायना, मागावर बसलेले. मग कोण उरलं? मीच की. सूप मांडीवर घ्यायचं, पानं कापायची, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा. त्यात कुणी वाईट नव्हतं हो. नायना मला सांगताना माझ्याकडं बघत नव्हते, मागाच्या धोट्याकडं बघत होते. मी शाळेची पुस्तकं परत द्यायला आले, तर तुम्ही विणकामाच्या खोलीत एकट्याच होता. मागावर मॅट्रिकची पट्टी अर्धी चढलेली. तुम्ही पुस्तकं घेतलीत. मग म्हणालात, "ये, बस इथे. एक वीत विण आणि मग जा."

मी म्हटलं, "बाई, मी मॅट्रिक कुठं आहे?"

"तू विणकराची आहेस ना? बस."

मी लाल सूत घेतलं. घरी मागावर मला कुणी बसू देत नव्हतं, आम्ही बायका-पोरी सुताच्या कांड्या भरायच्या नुसत्या. पण बघून बघून हाताला माहीत होतं. धोटा टाकला, सूत ओढलं आणि फणी अशी ठोकली की खिडकी वाजली. नायना सांगायचे, ढिला माल शेटजी परत टाकतो. म्हणून मी आवळत गेले, आवळत गेले. बघते तर काय, दोन्हीकडचे काठ आत आले आणि पट्टीला मधोमध कंबर झाली.

तुम्ही हसलात. "अगं, किती आवळतेस! पट्टी आहे ती, कुणाचा गळा नाही."

"बाई, ढिलं विणलं तर शेटजी घेत नाही."

"इथली शेटजी मी. घेतला तुझा माल."

तेवढ्यात हेडसर दारात आले. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याला सगळं एकसारखं लागायचं, पोरांच्या टोप्यासुद्धा. म्हणाले, "बाई, मॅट्रिकच्या पट्टीत आठवीची पोरगी? तीही शाळा सोडून चाललेली? आणि हे बघा, काठ बिघडवून ठेवलाय. उकलून टाका तेवढं." मी उठले. तुम्ही "सर," एवढं म्हणालात आणि रूळ वाजला. मधली सुट्टी झाली, पोरांचा एकच गलका. पुढचं मला ऐकू आलं नाही. पांढरी रेघ टाकायची राहिली होती. मी निघून आले.

बाई, माझा संसार चांगला झाला. मालक शांत होते, पोरं शिकली, सून तर माझ्यापेक्षा जोरात बोलती, त्यामुळं घर कधी सुनं वाटलं नाही. विड्या वळून वळून बोटं वाकली, पण चहाचा कप धरायला येतोय. तरी नवी पेठेत लुगडं घ्यायला म्हणून रिक्षानं निघालं आणि शाळेवरून गेलं की त्या खिडकीकडं मान वळायचीच. उकलली असेल का हो? विणायला वेळ लागतो, उकलायला काय, एक टोक ओढलं की सरसर येतं. विणकराच्या पोरीला ते कुणी सांगायला नको. तुम्ही गेल्याचं मला भाजीवालीकडून कळलं, तेव्हाही आधी मनात तेच आलं. आता कुणाला विचारायचं?

तर परवा शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. नात म्हणाली, "चल." मी म्हटलं, मी कुठली जुनी विद्यार्थी, मी तर अर्धी. ती म्हणाली, "अर्धी तर अर्धी, जेवण पूर्ण आहे." गेलो. तिथं वेगळीच गंमत. मांडववाल्याच्या खुर्च्या आल्याच नव्हत्या. म्हातारी माणसं उन्हात उभी. मग शिपाई माळ्यावर चढला आणि धूळ झटकत एकेक जुनी पट्टी खाली टाकू लागला. पोरांनी त्या मैदानात पसरल्या. मोठाले साहेबलोक, डॉक्टर, वकील, सगळे "ही आमची, ही आमची" करत लहान पोरांसारखे बसायला धावले.

मी एका पट्टीच्या कडेनं चालले, मग दुसरीच्या. गुडघे वाकत नाहीत, म्हणून नुसती मान घालून चालत होते. नात मागून आली. "अव्वा, काय हुडकतीस? चप्पल हरवली का?"

"गप, मला काठ बघू दे."

चौथी का पाचवी पट्टी असेल. लांबूनच दिसली, बाई. सरळ चाललेली पट्टी मध्येच आत जाती आणि पुन्हा बाहेर येती. कंबर! लाल रंग विटून विटकरी झालाय, पण वीण अशी घट्ट की बाजूचं सगळं झिजलंय आणि तेवढंच धड आहे. आणि त्याच्या पुढं, जिथं मी उठून आले होते तिथं, पांढरी रेघ. बाकीच्यांना आहे तशीच, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

म्हणजे "सर," म्हणून तुम्ही काय बोललात ते मला कळलं. इतक्या वर्षांनी, पण कळलं.

मी गुडघ्यांचं ऐकलं नाही, खाली बसले. त्याच वितीवर बसले. एक कोटवाले गृहस्थ म्हणाले, "आजी, ही आमच्या मॅट्रिकची पट्टी." मी म्हटलं, "व्हय की, माझीपण." ते सरकून बसले. नात शेजारी आली, मी तिला सगळं सांगितलं, तिनं त्या काठावरून बोट फिरवलं.

हे पत्र मी सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून लिहितेय. कुठं टाकायचं नाही हे मलाही कळतं. नात म्हणती, जोडाक्षरं नीट काढ, बाईंचं पत्र आहे. काढतेय. लिहून झालं की घडी घालून लुगड्यांत ठेवीन.

फक्त एक राहिलं. त्या दिवशी तुमचा जुना माग दाखवायला बाहेर काढला होता, ताणा लावलेला. पोरी म्हणाल्या, आजी, बसा की. मी मनाशी पक्कं ठरवून बसले की या वेळी ढिलं विणायचं, बाईंनी सांगितलं होतं तसं. चार बोटं विणली नाहीत तोवर नात ओरडली, "अव्वा, काठ बघ!"

नाही जमलं, बाई. परत आवळलं.