सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट

सातारा,
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आबांस,

इकडे सगळे ठीक. थंडी पडायला लागली आहे. लग्नसराई जवळ आली की आमच्या डेंटल लॅबमध्ये कवळ्यांचं काम वाढतं, तसं वाढलं आहे. म्हाताऱ्या माणसांना नातवंडांच्या लग्नाच्या फोटोत दात हवे असतात. तुम्ही गुडघ्याला तेल लावताय का? कुणी आठवण केली नाही तरी लावत जा.

तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी आले नाही. घसा धरला आहे असं दादाला कळवलं होतं. वहिनीनं पाठवलेले लाडू मिळाले. दादानं घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओही मिळाला. त्याबद्दलच लिहायचं आहे. फोन केला होता, पण तो दादानं उचलला. म्हणाला, "फुटलं का? न्हाई ना? मग कशाला बोंबलतीस? तू आपली कवळ्या बसव जा." फोन तुमच्याकडे दिला नाही. म्हणून हे पत्र वहिनीच्या नावानं पाठवते आहे. ती तुमच्या हातात देईल.

आधी कामाचं. ते वाफेचं खेळण्यातलं इंजिन पेटवायचं नाही. त्याचा स्पिरिटचा दिवा वहिनीनं माझ्या सांगण्यावरून स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. तिला कुणी बोलू नये.

खंडेनवमीला दादानं इंजिन पूजेत मांडलं. दरवर्षी नांगर, मोटर, तुमचे पाने मांडतो, तसं. हळद-कुंकू कालवून वाहिलं, वर पाणी शिंपडलं. पूजेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती हळद सेफ्टी व्हॉल्व्हच्या भोकात उतरली आणि आत वाळून बसली. दसऱ्याला मी माधवनगरला तुमच्याकडे आले तेव्हा व्हॉल्व्ह बोटानं दाबून पाहिला, तो हलेना. तो काढून मी साफ करायला इकडे आणला आणि निघताना दादाला सांगितलं, मी परत आणून बसवेपर्यंत पेटवू नकोस. तुम्ही शेजारच्याच खुर्चीत होतात. ऐकत होतात.

तुमच्या कार्यक्रमाला पाहुणे येणार, त्यांना इंजिन चालवून दाखवायचं, म्हणून दादानं कुणा वेल्डरकडून त्या भोकात बोल्ट मारून घेतला. आबा, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी कुणी बोल्ट मारतं का? खेळण्यातलं असलं तरी त्यातली वाफ खरी असते. जायला वाट उरली नाही तर ती पत्रा फाडून जाते. हे मी तुम्हाला सांगावं? फौजेच्या वर्कशॉपात तुमचं आयुष्य गेलं. आम्हाला घड्याळ कळायच्या आधी तुम्ही प्रेशर गेज वाचायला शिकवलंत.

दादाचा राग आला आहे, तो येतोच. पाइपांच्या दुकानात बसून पाण्याच्या दाबाबद्दल शेतकऱ्यांना व्याख्यानं देतो आणि घरात बॉयलरला बूच मारतो. पण त्याला कळत नाही, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. देवळालीला एका साहेबाच्या सामानाच्या लिलावातून ते इंजिन तुम्ही त्याच्या बारशासाठी आणलंत. त्यानं ते माळ्यावरून खाली टाकलं, चाक वाकवलं, आणि मग ते मेढ्याच्या घरी ट्रंकेत पडून राहिलं. मी मागायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, "ते उदयचं हाय." बरं. त्याचं तर त्याचं.

यंदा जूनमध्ये मेढ्याचं घर आवरताना ट्रंक उघडली आणि तुम्हीच म्हणालात, "नंदे, बघ की जमतंय का." मी साताऱ्याला आणलं. स्वयंपाकघराच्या ओट्याची एक बाजू त्याची झाली. पिस्टन जुन्या तेलानं चिकटला होता, तो रॉकेलमध्ये भिजत ठेवला. चाक लाकडी हातोडीनं सरळ केलं. बॉयलरच्या पत्र्याची शिवण उसवली होती, ती डाग देऊन जोडायची होती. तुम्ही फोनवर म्हणालात, "कथलाचा डाग टिकणार न्हाई, चांदीचा दे." दाताच्या कामाच्या बारीक टॉर्चनं मी चांदीचा डाग दिला. पहिला फसला. तुम्ही म्हणालात, "घाई केलीस. कडा लाल हू दे, मग चांदी आपसूक पळती." दुसरा बसला. रोज संध्याकाळी तुमचा फोन यायचा. बाकी काही नाही, एवढंच, "धरती का वाफ?" आई गेल्यापासून आपण इतकं कधी बोललो नव्हतो, आबा. गणपतीत चाक पहिल्यांदा फिरलं आणि मी फोन इंजिनाजवळ धरला. तुम्ही चाकाचा आवाज ऐकलात. मग म्हणालात, "शिट्टी वाजीव." नवरात्राआधी मी ते माधवनगरला तुमच्या हातात आणून दिलं.

आणि दसऱ्याला सोनं द्यायला आप्पासो हळदवाले आले, कपाटावरचं इंजिन बघून म्हणाले, "आवं सुबेदार, हे कुनी केलं हो? नवं कोरं दिसतंय." तुम्ही म्हणालात, "आमच्या उदयनं."

मी दारात उभी होते. आप्पासो दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लय कला हाय गड्या तुझ्या हातात." दादा हसला. त्यानं नाहीही म्हटलं नाही आणि होही. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "नंदे, पावन्यांना च्या आण."

चहा आणला मी. मनाला सांगितलं, वय झालं आहे, तोंडातून चुकून गेलं असेल. साताऱ्याला येईपर्यंत तसंच धरून चालले. घसा वगैरे काही धरला नव्हता. तुमच्या कार्यक्रमात दादाला त्या इंजिनासाठी पुन्हा कुणी शाबासकी देणार आणि मी टाळ्या वाजवणार, हे होणार नव्हतं माझ्याच्यानं.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. दसऱ्याचं मी गिळलं असतं.

व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. पहिल्यांदा नुसता बोल्ट दिसला. नंतर तुम्ही दिसलात. टेबलावर इंजिन, दादा दिवा पेटवतोय, यशराज टेबलाला हनुवटी टेकून बघतोय. दादाचं सहा वर्षांचं पोर. तुम्ही चष्मा लावून वाकलात, बोल्टकडे बघितलंत. चांगलं निरखून. मग यशराजच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलंत, आणि तो व इंजिन यांच्या मधे खुर्ची सरकवून बसलात. बॉयलरला पाठ करून. मागून कुणीतरी म्हणतंय, "आजोबांना नातवाचा लय लळा."

मलाही आधी ते लाडच वाटले.

तुम्हाला कळलं होतं. बॉयलर फुटला तर तुमच्या पाठीवर फुटावा, पोराला लागू नये, एवढा हिशोब तुम्ही त्या घडीला केलात. "उदय, दिवा विझव," एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं नाहीत. कारण का विझवायचा, असं कुणीतरी विचारलं असतं. व्हॉल्व्ह कुठं आहे, कुणी काढला, का काढला, हे निघालं असतं. मग सगळ्या पाहुण्यांसमोर सांगावं लागलं असतं की इंजिन नंदानं केलंय. त्यापेक्षा उकळतं पाणी पाठीवर घ्यायला तुम्ही तयार झालात.

माझं नाव घेणं एवढं जड आहे का, आबा?

दादाची लाज राखलीत, असं तुम्ही म्हणाल. पन्नाशीला आलेल्या माणसाची लाज. मी तुमच्याकडे कधी जमीन मागितली नाही, हक्कसोडपत्रावर न वाचता सही केली. इंजिनही मागत नाही. त्याच्याच घरी राहू दे. पण त्या घरात यशराज वाढतो आहे. शिट्टी वाजली की तो धावत येतो. बोल्ट तिथं राहता कामा नये, आणि ज्या खोट्यापायी तो बोल्ट तिथं बसला, ते खोटंही राहता कामा नये.

व्हॉल्व्ह साफ झाला आहे. आतली स्प्रिंग बदलली आणि लॅबमधल्या वाफेच्या यंत्रावर तपासून घेतला. पाठवत नाही. दादा तो खिळ्यांच्या डब्यात टाकेल. मी रविवारी येते आहे. रविवारी आप्पासो आणि तुमची फौजेतली मंडळी बैठकीला असतात, म्हणून मुद्दाम रविवार. सगळ्यांसमोर बोल्ट काढणार आणि व्हॉल्व्ह बसवणार.

"ही काय करतीय," असं कुणीतरी विचारेलच. मी उत्तर देणार नाही. दादानं दिलं तर त्याला थांबवणार. उत्तर तुम्ही द्यायचं आहे. तुम्ही गप्प बसलात तरी व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय मी उठणार नाही, कारण तिथं पोर आहे. पण मग ते माझं त्या घरातलं शेवटचं काम असेल. संध्याकाळचे ते फोनही मग पुन्हा नकोत.

हे रागात लिहिलं आहे. पत्र दोन दिवस तसंच ठेवून पुन्हा वाचलं, एकही शब्द काढावासा वाटला नाही.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
राजनंदिनी