तुमची सर्दी, आईचं नाक

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि आज मी तुमच्यावर चिडलोय ते एका सर्दीपायी. चार दिवस घरी पडून आहे. आज नाक जरा मोकळं झालंय, तोंडाला चव यायला लागलीय, आणि पडल्या पडल्या तुम्ही आठवलात. किती क्षुल्लक गोष्ट आहे हो ही! औषध घेतलं तर सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर आठवड्यात. आणि याच गोष्टीसाठी तुम्ही आपलं घाटकोपरचं दोन खोल्यांचं घर वेठीला धरायचात.

पंच्याऐंशीचा तो जानेवारी मी विसरलेलो नाही. बाहेरच्या खोलीत कॉटवर तुम्ही, डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर, छातीवर ओव्याची पुरचुंडी. टीव्ही बंद. कुकरच्या शिट्टीने तुमचं डोकं दुखायचं, म्हणून आई पातेल्यात भात शिजवायची. तुमचे बारा रुमाल होते. ते ती रोज उकळत्या पाण्यात घालून धुवायची आणि गॅलरीतल्या तारेवर ओळीने वाळत टाकायची. तुम्ही आजारी असल्याचं अख्ख्या चाळीला त्या तारेवरून कळायचं. तिसऱ्या दिवशी सर्दी तिलाही लागली. तुमचीच, दुसरी कुठून येणार? तिच्यासाठी घरात रुमाल नव्हता. पदराच्या टोकाने नाक पुसत ती तुमचे रुमाल पिळत होती. शेजारच्या मालवणच्या काकू तुमची चौकशी करायला आल्या आणि दारातच तिला म्हणाल्या, "वयनी, तुमचोच आवाज बसलोहा. तुमी पडान रवा मगे." आई म्हणाली, "मला कुठं काय झालंय? नुसतं नाक गळतंय." त्यावर तुम्ही कॉटवरून बोललात, "तिला काय धाड भरलीय? सर्दी मला झालीय." काकू हसल्या नाहीत. आई हसली.

मग तो शनिवार. तुम्ही बरे झालायत. दाढी केलीय, तीन चपात्या खाल्ल्यायत, पेपर दुसऱ्यांदा वाचताय. मी खिडकीशी परीक्षेचं पुस्तक घेऊन बसलोय. आई भांडी घासून स्वयंपाकघरात फरशीवरच आडवी झालीय, चटईसुद्धा न घेता. अंगात कणकण, चेहरा लालबुंद. त्याआधी तिला दिवसाउजेडी झोपलेलं मी पाहिल्याचं आठवत नाही. पाऊण तास झाला असेल. तुम्ही घड्याळ बघता, घसा खाकरता, उठता. मला वाटतं, तिच्या अंगावर पांघरूण घालायला निघालात. तुम्ही उंबऱ्यात उभे राहता आणि म्हणता, "अगं, चार वाजून गेले. चहाचं काय?"

ती दचकून उठते. चोरी पकडल्यासारखी घाईघाईने केस सारखे करते, "हो हो, ठेवतेच," म्हणते. गॅस तुमच्यापासून दोन हातांवर होता, अण्णा. आधण ठेवायला काय लागतं? तेवढं केलं असतंत तर तुमचा हुद्दा कमी झाला नसता.

सोमवारी तुम्ही ऑफिसला गेलात, आणि यावेळची सर्दी कसली जबरदस्त होती ते महिनाभर सगळ्यांना ऐकवत राहिलात. आईचा खोकला शिमग्यापर्यंत हटला नाही. त्या खोकल्याची चौकशी तुम्ही एकदा केलीत, झोपमोड होते म्हणून. आणि ती? ब्याऐंशीची झाली, तरी अजून कौतुकाने सांगते, "ह्यांना सर्दी सोसायचीच नाही रे." तिचाही राग येतो मला मग.

ही गोष्ट मी बायकोला सांगितलीय, मुलीला सांगितलीय, मित्रांना तर किती वेळा. उंबऱ्यातले तुम्ही, फरशीवरून दचकून उठणारी आई. ऐकणारे हळहळतात, तुम्हाला नावं ठेवतात, मला बरं वाटतं. एक गोष्ट मात्र मी दर वेळी गाळतो. तुम्ही असतात तरी हे पत्र मी टाकलं नसतं ते त्या गोष्टीमुळेच, कारण तुम्ही ती लगेच माझ्या तोंडावर फेकली असतीत. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि चहा मला करता येत होता. आईने त्या दुपारी दोन कप आणले. दुसरा माझा होता. तो मी प्यायलो, आणि साखर कमी पडलीय असं तिला सांगितलंही.