भोंग्याची साखळी

बाबा,

आमच्या घरामागच्या पडीत जागेवर कापसाची नवीन जिनिंग उभी राहिली आहे. काल सकाळी तिचा सायरन पहिल्यांदा वाजला, आणि तेव्हापासून मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात जन्मलीही नव्हती. ती आखातातल्या एका शहरात नर्स आहे. सध्या दिवाळीच्या सुटीवर यवतमाळला आली आहे आणि तिचं परतीचं तिकीट काढलेलं आहे. तिनं परत जाऊ नये असं मला वाटतं, पण ते तिला सांगायला माझं तोंड उघडत नाही. गोष्ट एवढीच आहे, तरी ती तुमच्या भोंग्यापासून सुरू करावी लागेल.

तुम्ही जिनिंगमधून घरी यायचात तेव्हा तुमच्या भुवयांवर रुई बसलेली असायची आणि हातांना ग्रीसचा वास यायचा. तुम्ही बॉयलरजवळची ती भोंग्याची लोखंडी साखळी ओढली की अर्धं गाव कामाला लागायचं. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या, तुझे बाबा भोंगावाले, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा. मग ती एकाहत्तरची लढाई लागली. मी तिसरीत होते. आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी आमच्याकडून वर्गाच्या काचांवर खाकी कागद चिकटवून घेतला, बाकाखाली शिरून कानांवर हात कसे ठेवायचे, दातांत रुमाल कसा धरायचा ते शिकवलं. प्रार्थनेत एक दिवस त्या म्हणाल्या, पलीकडच्या सैनिकांच्या आयांसाठीही डोळे मिटा. मी घरी येऊन तुम्हाला घाबरत विचारलं, हे पाप नाही ना? तुम्ही पाय धूत होतात. म्हणालात, "पाप कायचं वं बाई त्याच्यात? त्याईलेबी माय असन ना."

त्या दिवसांत कचेरीतून हुकूम आला की जिनिंगचा भोंगा फक्त धोक्यासाठी वाजवायचा. पाळी बदलायला तुम्ही आवारात रुळाचा एक तुकडा टांगलात आणि त्यावर हातोडा मारू लागलात. त्याचा आवाज देवळातल्या घंटेसारखा, पण जरा बसका. तुमचा मुक्काम तिकडेच होता. पोलीस ठाण्यातून निरोप आला तर साखळी ओढायची, म्हणून तुम्ही बॉयलरपाशीच जेवायचात, तिथेच पडायचात. दिवस कलायच्या आत मी आणि आई डबा घेऊन येतो. तुम्ही भाकरी मोडता, पण नजर साखळीवरून हलत नाही. आई म्हणते, "ते काय पळून चालली का?" तुम्ही हसत नाही. आठ वर्षांच्या मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझे बाबाही घाबरतात.

आमच्या गावावर विमान कधी आलंच नाही. लढाई आमच्याकडे आली ती रॉकेलच्या रांगेतून, आणि कापसाच्या गाठी वेळेवर उचलल्या जात नाहीत म्हणून तुमच्या मालकाच्या उतरलेल्या तोंडातून. तुम्ही म्हणायचात, बंदूक कुठंही वाजो, आवाज आपल्या जिनात येते. ते वाक्य मला गेल्या काही महिन्यांत किती वेळा आठवलं असेल.

लढाई संपल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा मालक म्हणे आवारात पेढे वाटत होता. आणि तुम्ही इतके दिवस नुसतं बघत बसलेल्या साखळीला आनंदाच्या भरात हात घातलात. दिवे लागायची वेळ होती. आमच्या घरी रेडिओ नव्हता, आमच्या बोळात बातमी पोचलीच नव्हती. भोंगा वाजला तशी आईनं चुलीवर पाणी ओतलं, तव्यावरची भाकरी तशीच, आणि मला खाटेखाली ढकलून स्वतः माझ्यावर पालथी पडली. मी दातांत तिचा पदर धरला. शेजारच्या काकू सगळ्या पोरांना घेऊन नालीत उतरल्या. भोंगा थांबेना. तुम्ही तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ ओढला होता. मग तुम्ही पेढे घेऊन हसत घरी आलात, तर सगळा बोळ काळाकुट्ट.

"अवो, झाली ना लढाई," तुम्ही अंधारात म्हणालात. "मी तं खुशीचा वाजवला."

"आग लागो तुमच्या खुशीले," आई खाटेखालूनच म्हणाली. "लेकराचं काळीज फुटलं असतं माह्या."

काकूंनी नालीतूनच विचारलं, "भाऊजी, आता निघू का वर, का आणखी खुशी बाकी आहे?" सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण जेवला नाहीत. ओट्यावर बसून राहिलात आणि मला जवळ घेऊन म्हणालात, "लढाई सरली हे रेडिओनं सांगतलं. कानाले कोण सांगन?" त्यानंतर तो सबंध हंगाम तुम्ही आधी रुळावर हातोडा मारायचात, लोकांना कळू द्यायचात की हा भोंगा पाळीचा आहे, आणि मग साखळी ओढायचात. मालक कुरकुरायचा. तुम्ही ऐकलं नाही.

तुमच्या नातीच्या शहरात यंदा खरे सायरन वाजले. ती फोनवर म्हणायची, "आई, इथं सगळं नॉर्मल आहे, तू टीव्ही बंद कर." मागून मला तोच आवाज ऐकू यायचा, खालून वर चढत जाणारा, आणि तीही बोलता बोलता थांबायची. तुमचे जावई दिवसभर बातम्यांसमोर बसलेले. मी भाजी चिरायला घेऊन चिरायचं विसरायची. किराणावाला म्हणाला, "तेल महाग झालं काकू, तिकडून जहाजच नाही येऊन राह्यले." शेजारच्या शेतकरी भाऊजींना सोयाबीनच्या पेरणीला खत मिळेना, तेही तेच म्हणाले. मी दुकानात सांगितलं, माझी मुलगी तिकडेच आहे. किराणावाला तराजू धरून थांबला. "मंग बोलवा ना तिले घरी. काय ठेवलं तिथं?" मी पैसे मोजून दिले आणि पिशवी उचलली. आमच्या डोक्यावरचा स्लॅब तिच्या तिथल्या पगारातला आहे. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशनही. इथल्या दवाखान्यात तिला जे मिळत होतं त्यात तिचं ऑटोभाडं जेमतेम निघायचं. जिथून जीव मुठीत धरून पळावं तिथूनच आमचं घर चालतं, बाबा. कळंबला जाऊन चिंतामणी गणपतीपुढे उभी राहिले तेव्हा नेमकं काय मागायचं तेच सुचेना.

मग तिकडचं थांबलं. थांबलं म्हणजे किती दिवस, कोणालाच माहीत नाही. पोर घरी आली, बारीक झालेली, पण हसरी. आणि काल सकाळी मी ओट्याशी चहा गाळत असताना मागच्या जिनिंगचा सायरन वाजला. मी मान वर करेपर्यंत तिनं माझं मनगट धरलं होतं. चहा सांडला. तिनं मला ओढत न्हाणीघरात नेलं, कारण आमच्या घरात बिनखिडकीची तेवढीच खोली. दार लावलं, मला ओल्या फरशीवर खाली बसवलं आणि माझ्या डोक्यावर स्वतःचे दोन्ही हात धरले. तिचं तोंड अगदी शांत होतं, कामावर असल्यासारखं. सायरन थांबल्यावर तिला भान आलं.

"सॉरी आई," ती म्हणाली. "यवतमाळ आहे ना हे."

"जिनिंगचा होता गं."

"हो. कळलं." मग हसली. "तिथं पेशंटला असंच बसवतो आम्ही. तू फार गुणी पेशंट आहेस, ओरडली नाहीस."

न्हाणीघराबाहेरून ह्यांचा आवाज आला, "अरे, चहा सगळा खाली गेला, कुठे गेलात दोघी?"

मी तिला तेव्हा म्हणू शकले असते, नको जाऊस. तिनंच विचारलं होतं, "तू एवढी गप्प का?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. दुपारी तिनं बॅग काढून पलंगावर उघडली. तिच्या वॉर्डात एक म्हातारी आहे, ती हिच्याशिवाय कोणाच्या हातून गोळी घेत नाही म्हणे. हे ती कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगत होती, आणि मला त्या न पाहिलेल्या म्हातारीचा राग येत होता. मग शाळेतल्या सिस्टर आणि त्यांची ती प्रार्थना आठवली, आणि तो राग नीट करताही आला नाही.

आज सकाळी सायरनच्या आधी मी तिच्या दाराशी गेले आणि स्टीलच्या ताटलीवर पळीनं दोनचार ठोके मारले. ती पांघरुणातून डोकं काढून म्हणाली, "आई, काय चाललंय हे? आरती आहे का?" मी म्हटलं, आता सायरन होईल, पाळीचा आहे. तो झाला. ती हलली नाही, फक्त पायाची बोटं आवळली. मग म्हणाली, "हे बरं आहे. तिथंही येऊन वाजव." तुमचं नाव मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रडले असते.

ती आता स्वयंपाकघरातून हाक मारते आहे, लोणच्याची बरणी कपड्यांत कशी गुंडाळायची म्हणून. मी उठते. हा कागद घडी करून उशीखाली ठेवेन आणि उद्यापर्यंत कुठे ठेवला ते विसरेन. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगता येईल, कारण तुम्हीही त्या संध्याकाळी साखळी लवकर सोडली नव्हती. काल न्हाणीघरात, ओल्या फरशीवर, तिचे हात माझ्या डोक्यावर होते तेव्हा मला ठाऊक होतं की सायरन जिनिंगचा आहे. मी बोलले नाही. कितीतरी महिन्यांनी मला भीती वाटत नव्हती. मला वाटलं, वाजू दे अजून थोडा.