खंडेनवमीला बसवलेली डिस्क

जयपूर, दसऱ्याचा दुसरा दिवस

ती. कौमुदीताईस,

धाकट्या गिरिजाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे आता काय म्हणतात? तेल चोळतेस की नुसतं कपाटात ठेवलं आहेस? इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक.

आल्या वस्तू अशा : नवी डिस्क एक, बत्तीसशे रुपये. बारीक स्क्रू चार, फुकट. पुठ्ठ्याचा खोका एक (त्यात लवंगा ठेवल्या). दुकानदार पवनजींची मजुरी तीनशे, मागितले होते पाचशे. डिस्क म्हणशील तर खोबऱ्याच्या वडीएवढी. जुनी निघाली ती अर्ध्या विटेसारखी जड. पण करणार काय, दहा वर्षांचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझी जपाची एक माळ पूर्ण व्हायची, शिवाय महिनाभर आतून टिकटिक. बंगलोरहून आमचा अनिमेष म्हणाला, "आई, ही डिस्क जाणार. आजीच्या कहाण्या त्यातच आहेत ना?" मग मात्र मी हात सैल सोडला. आई इथे राहायला आली होती तेव्हा त्याने तिच्या आवाजात भरून घेतलेल्या अकरा व्रतांच्या कहाण्या, दुसरीकडे कुठेच नाहीत. (शनिवारच्या कहाणीत मधेच आई "गिरिजे, दूध उतू गेलं" म्हणते. इथल्या मराठी घरांतली मुलं ती कहाणी आमच्याकडे ऐकूनच शिकली. ती दुधासकट म्हणतात.)

चांगला दिवस म्हणून खंडेनवमी धरली. गोपालपुऱ्याहून पवनजी आले, कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढलं, नवी डिस्क जुनीशेजारी जोडली आणि सगळं इकडचं तिकडे उतरवायला लावून म्हणाले, "माताजी, चार घंटे लगेंगे. छेड़ना मत." मी कशाला छेडते. शिलाई मशीन, विळी, ह्यांचा हातोडा असं सगळं पुसून पूजेला मांडलं. मग लक्षात आलं, की घरातली सगळी हत्यारं विसावलेली आणि हा एकटाच घरघरतोय. आपल्याकडे त्या दिवशी विळीसुद्धा चालवत नाहीत (भाजी मी आदल्या दिवशीच चिरून ठेवते), आणि चालत्या यंत्राला कुंकू लावणं म्हणजे राबत्या माणसाला हात न थांबवता ओवाळणं. म्हणून बटण दाबून त्याला विसावा दिला, हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला, अक्षता वाहिल्या. झाकण उघडं आहे हे अक्षतांना कुठे ठाऊक.

चार वाजता पवनजी परत आले, आत वाकून बघत राहिले. "माताजी, इसमें चावल कहाँ से आए?" म्हटलं, "चावल नहीं, अक्षत है." त्यांनी हात जोडले (देवाला की मला, कळलं नाही) आणि चिमट्याने एकेक दाणा वेचला. सतरा निघाले. हे कोचावरून म्हणाले, "गिरिजाबाई, भात झाला, आता कढी वाढा." मी लक्ष दिलं नाही. दसऱ्याला पवनजींनी पुन्हा पहिल्यापासून उतरवायला लावलं, आणि आता सात मणी ओढेस्तोवर कॉम्प्युटर हजर. सगळं आलं, असं मी ह्यांना आणि अनिमेषला सांगूनही टाकलं. ताई, श्रद्धेचं आणि यंत्राचं काही वाकडं नाही. फक्त झाकण लावून घ्यावं.

तुझी,
गिरिजा

ता. क. फोन केला नाही, कारण हे आधी फोन स्पीकरवर लावतात आणि मग माझ्या हातात देतात.

ता. क. दुसरा : अकरापैकी दहा आल्या. शुक्रवारची आली नाही. जुन्या डिस्कवरही ती आता उघडत नाही. मधेच बंद केल्याने की टिकटिकीने, हे पवनजी सांगेनात, आणि मीही खोदून विचारलं नाही.

ता. क. तिसरा : तीन वर्षांपूर्वी तू कहाण्या मागितल्या होत्यास, आणि मी म्हणाले होते की इथे येऊन ऐक, त्या निमित्ताने येशील तरी. तू आलीस. एका दुपारी मी पडले होते, तेव्हा तू कॉम्प्युटरपाशी बसून पर्समधलं काहीतरी त्यात खोचलंस. मी जागी होते. मनात धरलं होतं, ते आज सोडलं. ताई, तू चोरी केली असशील असा माझा पूर्ण विश्वास आहे. उलट टपाली कळव.