बाटलीच्या जागी स्टेपनी

अप्पा, काल गाडीत स्टेपनी बसवून घेतली. तुम्ही असता तर म्हणाला असता, यात सांगण्यासारखं काय आहे, गाडी म्हटली की स्टेपनी आलीच. पण तुम्ही गेल्यावर गाड्या बदलल्या. माझ्या गाडीला पाचवं चाक दिलेलंच नाही. डिकीतला गालिचा उचलला की खाली एक पांढऱ्या चिकाची बाटली आणि हवा भरायचं लहानसं मशीन निघतं. पंक्चर झालं तर चीक टायरमध्ये सोडायचा, हवा भरायची आणि पुढच्या दुकानापर्यंत जायचं. खिळा घुसला असेल तर त्यानं भागतं, हे मलाही मान्य आहे. वजन कमी होतं, जागा वाचते, असं गाडी विकणारा माणूस कौतुकानं सांगत होता आणि मी मान हलवत होते, कारण माझा सगळा जीव गाडीच्या रंगात अडकला होता. जॅक नाही, पाना नाही, हे घरी आल्यावर कळलं. औराद ते उदगीर जन्मभर प्रवासी जीप चालवणाऱ्या माणसाची लेक जॅक नसलेली गाडी घेऊन आली आणि वर गल्लीत पेढे वाटले.

गाडी घेतली ती मायसाठी. तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. तिच्या दोन्ही किडन्या थकल्यात. आठवड्यातून दोनदा बिदरच्या दवाखान्यात नेऊन मशीनवर रक्त धुवून आणावं लागतं. एखादी खेप चुकली की पाय सुजतात, सुजेवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो, आणि झोपलं की दम लागतो. एसटीत ती आता चढू शकत नाही. माझे हे गेल्यापासून मी आपल्या गावी चिंताकीलाच राहते, शिकवायला औरादच्या शाळेत जाते, घरात मी आणि माय दोघीच. आपला धाकटा पुण्यात. मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून मी बिदरच्या दिवसांचे तास पुढेमागे करून घेतलेत. मशीनची वेळ मात्र पुढेमागे होत नाही. आपण उशिरा पोचलो की तिथं दुसरं कुणीतरी झोपलेलं असतं, आणि त्यालाही ते तेवढंच गरजेचं असतं.

तुमची खंडेनवमी मला अजून दिसते. सकाळीच जीप विहिरीवर नेलीय, तुम्ही लुंगी वर खोचून टायर काथ्यानं घासताय. मागच्या दारावरची स्टेपनी उतरवून भिंतीला टेकवलीय. चार चाकांखाली चार लिंबं, आणि पहिलं कुंकू मात्र स्टेपनीला. मी विचारलं होतं, ही तर कधी फिरत नाही, हिला आधी मान कामून? तुम्ही म्हणालात, "वर्षातून एकदा तरी तिची आठवण नगं का करायला?" यंदा माय तशीच ताट घेऊन बाहेर आली. अंगात बळ नाही, एका हातानं दार धरलेलं, तरी तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "पाचवं कुठाय?" मी डिकीतून बाटली काढून दाखवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली. "ही व्हय?" मी म्हटलं, व्हय. मग तिनं बाटलीला हळदकुंकू लावलं, टोपणावर झेंडूचं फूल ठेवलं आणि ओवाळलं. मी फोटो काढून धाकट्याला पाठवला. आम्ही दोघं फोनवर पोट धरून हसलो.

ती बाटली परवा उघडायची वेळ आली. बिदरला निघालो होतो. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रेलरवाला, मी गाडी खाली घेतली आणि डांबराच्या तुटलेल्या कडेला टायर घासला. खाली उतरून बघते तर टायरच्या बगलेत बोट आत जाईल एवढी चीर. तिथं चिकाचं काही चालत नाही, पुस्तकात तसं लिहिलंय, पण पुस्तक मी कधी वाचलं होतं? बाटली लावली, मशीन सुरू केलं. जेवढा चीक आत गेला तेवढा चिरेतून बाहेर आला आणि रस्त्यावर पांढरं थारोळं झालं. माझ्या हाताला मात्र खंडेनवमीचं कुंकू लागलं. मग मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसानं जवळची खूण विचारली. मी सांगितलं, एका बाजूला हरभरा आहे, दुसऱ्या बाजूला ज्वारी. तो म्हणाला, मॅडम, एखादं हॉटेल, पेट्रोल पंप? माय मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला की आता मशीन दुसऱ्याला देतो, अम्मांना उद्या घेऊन या. शेवटी एका जीपवाल्यानं थांबून आपला जॅक दिला, चाक औरादला नेऊन नवा टायर घालून आणला, आणि आम्ही होतो तिथूनच मागं फिरलो.

काल सकाळी मी गाडी अंगणात काढली तर माय बाजेवरून उठेना.

"माय, ऊठ की. उशीर व्हायलाय."

"मी येत न्हाई."

"कामून?"

"स्टेपनी न्हाई त्या गाडीत मी बसत न्हाई. तुझ्या अप्पांचा नेम हाय. स्टेपनी नसंल तर माणसं भरायची न्हाईत."

अप्पा, मला आधी हसू आलं आणि लगेच संतापही आला. तुमचा नेम, आणि तो कुणाच्या तोंडून ऐकायचा? मामाच्या लग्नाचा दिवस मी विसरलेली नाही. स्टेपनी पंक्चरच्या दुकानात पडलेली, वऱ्हाड नटून दारात उभं, बाशिंग बांधलेला मामा घामानं भिजलेला, आणि तुम्ही ओट्यावर शांत बसून बिडी ओढताय. मामा हात जोडून म्हणतो, दाजी, चला आता, मुहूर्त टळंल. तुम्ही म्हणता, "पावनं, तुमाला पोचवायचं मनूनच थांबलोय." स्टेपनी आली तेव्हा निघालात, मुहूर्त टळला, अक्षता दुपारी पडल्या. माय नंतर कित्येक दिवस भिंतीकडं तोंड करून तुमच्याशी बोलायची. पुढं घरात कसलंही भांडण झालं, मिठावरून का असेना, ती फिरून त्या स्टेपनीवर यायची. तुमच्या त्या नेमाला तिनं जन्मभर नावं ठेवली. आणि काल तोच नेम पुढं करून पदर आवळून बसली.

भाड्याची गाडी आणते म्हटलं तर परक्याच्या गाडीत बसणार नाही म्हणाली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आज राहिलं तर राहिलं, पण उद्या आणाच, छातीत पाणी भरायला लागलं तर अवघड होईल. धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "अक्का, आजकाल स्टेपनी कोण ठेवतंय? जगभर काढून टाकायलेत. तू तिला समजाव." मी म्हटलं, "तू ये आन समजाव." त्याचाही नाइलाज आहे, मला कळतं, पण त्या क्षणी मला कुणाचंच काही समजून घ्यायचं नव्हतं. शेजारच्या काकूला मायजवळ बसवलं, शाळेत रजा कळवली आणि एकटी बिदरला निघाले. ठरवूनच निघाले की आज स्टेपनी घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. हट्टाला हट्ट. तो मला तुम्हा दोघांकडूनही आलाय, मग मी कुणाचं ऐकते.

पहिल्या दुकानात म्हणाले, या मॉडेलला येतच नाही. दुसऱ्या दुकानात, कंपनीकडून मागवू, आठ दिवस लागतील. तिसरा मिस्त्री टायरच्या ढिगावर बसून चहा पीत होता. डिकीत डोकावून म्हणाला, "बाई, इसमें स्टेपनी की जगा हैइच नै." मी म्हटलं, नाप तो लेके देखो. माझं तोंड बघून त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. पूर्ण चाक खरंच बसत नव्हतं, गालिचा वर उचलून यायचा. तेव्हा तो आत गेला आणि एक बारकं चाक घेऊन आला. याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचं, रुंदीला निम्मं, अडीअडचणीपुरतं वापरायचं. बोल्टांची भोकं जुळली, मधलं भोक जुळलं. मी म्हटलं, पुढं लावून दाखवा. पुढचा ब्रेक मोठा असतो, तिथं घासलं नाही तर कुठंच घासणार नाही. त्यानं लावलं, हातानं फिरवलं, आम्ही दोघांनी कान लावून ऐकलं. घासत नव्हतं. बाटलीचा फोमचा साचा उचलून बाजूला टाकला, खोबणीत चाक आडवं ठेवलं, मधून लांब बोल्ट आवळला. चाकाच्या पोटात जॅक बसला आणि पानाही. हवा इतर चाकांच्या दुप्पट लागते, टायरवरच साठ लिहिलंय, ते वाचून त्यानं तेवढी भरली. निघताना म्हणाला, "अस्सी के ऊपर नै चलाना बाई. दुकान दिखी तो रुक जाना. ये हमेशा का नै है."

उन्हं उतरायच्या आत घरी पोचले. माय अंगणात खुर्चीवर बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर, सूज पोटऱ्यांपर्यंत चढलेली. मी डिकी उघडून दाखवली. तिनं मान लांब करून पाहिलं. "एवढंसं? हे खेळण्यातलं दिसायलंय." मी म्हटलं, चालतं हे. "बसवून दाखव." काकू म्हणाली, अवो, दमून आलीय लेकरू, ऱ्हाऊ द्या. मायनं ऐकलं नाही. मीही मग पदर खोचला. जॅकखाली आधी फळी, आपल्या काळ्या मातीत नुसता जॅक रुततो. नट आधी ढिले करायचे आणि मग गाडी उचलायची. हे मी एकदा उलटं केलं होतं. गाडी आधी उचलली आणि पाना मारला की चाकच गरगर फिरायचं. तुम्ही लांबून ओरडला होतात, "आगं, डोस्कं घरी ठिवून आलीस का?" आणि नंतर माझ्याकडून सगळं पुन्हा पहिल्यापासून करून घेतलंत. काल एक नट घट्ट बसलेला निघेना तेव्हा मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले. पन्नाशीची बाई, साडी नेसलेली. गल्ली जमा झाली होती. जमू दे म्हटलं. बारकं चाक लावलं, समोरासमोरचे नट आवळले, जॅक उतरवला. गाडी अंगणातून वेशीपर्यंत नेऊन परत आणली, मूळचं चाक पुन्हा चढवलं आणि बारकं डिकीत ठेवलं.

गल्ली पांगल्यावर माय माझ्या काळ्या हातांकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं, तुला घावायचं न्हाई."

मी तिथंच मातीत बसले. तिला काय म्हणायचं होतं ते कळायला मला वेळ लागला नाही. तिला तुमचा नेम पाळायचा नव्हता. तिला त्या सुया नको झाल्यात, तो रस्ता नको झालाय, माझी रजा, माझी धावपळ नको झालीय. नुसतं नको म्हणाली असती तर मी ऐकलं नसतं, म्हणून तिनं तुमच्या नावावर न मिळणारी वस्तू मागितली. मला रडू आलं, तिच्यासमोरच आलं. ती म्हणाली, "रडू नगंस. घावली नव्हं? मग उद्या जायचं. बोललेय तर बसावं लागंल."

आणि बसली. आज पहाटे उठून स्वतः आंघोळ केली, नवी साडी नेसली, गाडीत बसायच्या आधी डिकीवर हलकेच हात ठेवला. दवाखान्याच्या दारात सिस्टरनं बर्री अम्मा म्हणत आत बोलावलं, आणि माय तिला कन्नडमध्ये कालच्या चाकाची गोष्ट सांगत आत गेली. मी बाहेर बाकावर बसून हे लिहितेय. काचेतून ती दिसतेय, सुई टोचलेला हात अंगापासून दूर ठेवून छताकडं बघत पडलीय. हा कागद मी घरी नेणार नाही. तिला अक्षर लावता येतं आणि माझ्या पिशवीत काय आहे ते बघायची तिची सवय गेलेली नाही. इथंच फाडून टाकीन.

वाटेत तिनं मला विचारलं होतं, "माझा जीव थकलाय, तुला दिसायलंय. तरी कामून एवढं करायलीस?" मी म्हटलं, तुझ्यासाठी. ती खिडकीबाहेर बघायला लागली. अप्पा, ते खोटं होतं. घरी दोन ताटं वाढायची सवय आहे मला, एकच वाढायची वेळ आली तर काय करायचं ते मला ठाऊक नाही. तिला आता पुरे झालंय, हे कळूनही मी तिला परवा पुन्हा आणणार आहे.